आजीच्या पेटीतील नाताळचा गोळा : मूळ कोठले, मोल किती?

घराण्याची मालमत्ता वारसांच्या हाती येते, तेव्हा तिची यादी बहुधा ठरलेल्या क्रमाने होते. घर, जमीन, बँकेतील ठेवी, दागिने आणि मग भांडीकुंडी. या यादीत सणासुदीच्या सजावटीला स्थान नसते. गौरीचे मुखवटे, मखराची जरीची झालर, दिवाळीचे जुने दिवे, नाताळच्या झाडावरील काचेचे गोळे या वस्तू वर्षातून चार-आठ दिवस बाहेर येतात आणि उरलेला काळ माळ्यावरील पत्र्याच्या पेटीत काढतात. घर रिकामे करण्याची वेळ आली, की त्यांच्या नशिबी बहुधा दोनच गोष्टी येतात. एक तर त्या अडगळ म्हणून भंगारात जातात. नाही तर "ही बेल्जियमची काच आहे, हिचे लाखभर रुपये सहज येतील," असे कोणीतरी सांगतो आणि भावंडांत कुरबूर सुरू होते. वस्तूची नीट ओळख करून घेतली, तर हे दोन्ही प्रसंग टाळता येतात.

अशी ओळख कशी करून घ्यावी, हे समजण्यासाठी एकच वस्तू डोळ्यांसमोर ठेवणे सोयीचे. ती वस्तू म्हणजे नाताळच्या सजावटीतील काचेचा गोळा. वसई, गोवा, मुंबईची जुनी गावठाणे, पुण्याचा लष्कर भाग येथील ख्रिस्ती कुटुंबांत, तसेच देशातील अनेक रेल्वे वसाहतींतील व छावण्यांतील अँग्लो-इंडियन घरांत नाताळची जुनी सजावट पिढ्यान्‌पिढ्या जपली गेली आहे. तिच्यातील एखादा गोळा हाती आला, की दोन प्रश्न उभे राहतात. हा कोठला? आणि याचे मोल किती? यांतील पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याखेरीज दुसऱ्याकडे वळू नये. तारण कोणते आहे हे पाहिल्याशिवाय कर्जाची रक्कम ठरत नाही, तसाच हा व्यवहार आहे.

लाउशा गावची कथा

काचेच्या या गोळ्यांचे प्रमुख माहेर म्हणजे जर्मनीतील थुरिंगिया प्रांतातील लाउशा हे डोंगरातील गाव. १५९७ मध्ये हान्स ग्रायनर आणि क्रिस्टोफ म्युलर या दोन काच कारागिरांनी तेथे भट्टी उभारली आणि तिच्याभोवती गाव वसले. भट्टीला लागणारे लाकूड आणि वाळू आसपासच्या परिसरात मिळत असे. पेले, बाटल्या आणि मणी यांवर गावाची गुजराण चाले. पुढे बाहुल्यांचे व माणसांचे कृत्रिम डोळेही तेथेच तयार होऊ लागले.

नाताळच्या झाडावर सफरचंदे, अक्रोड आणि मिठाई टांगण्याची रीत जर्मनीत जुनी होती. लाउशातील एका गरीब कारागिराला ही खरी फळे परवडेनात, म्हणून त्याने काचेची फळे फुंकली, अशी आख्यायिका सांगितली जाते. आख्यायिका बाजूला ठेवली, तरी १८४८ च्या एका मागणीवहीत नाताळच्या सहा डझन काचगोळ्यांची नोंद आढळते. त्याच वर्षी लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात राणी व्हिक्टोरिया आणि प्रिन्स अल्बर्ट यांच्या सजविलेल्या झाडाचे चित्र प्रसिद्ध झाले आणि ही जर्मन प्रथा इंग्रजी घरांतही रूढ होऊ लागली.

१८६७ मध्ये लाउशात वायुनिर्मितीचा कारखाना सुरू झाला. वायूची ज्योत प्रखर असून हवी तशी कमीजास्त करता येत असल्यामुळे मोठे, पण अतिशय पातळ गोळे फुंकणे शक्य झाले. सारा उद्योग घरोघरी चाले. पुरुष काच फुंकीत, स्त्रिया व मुले आतून रुपेरी मुलामा देत, वरून रंग भरीत आणि तयार माल पाठीवरच्या टोपल्यांतून सोनेबर्ग या व्यापारी गावी पोहोचवीत. १८८० मध्ये अमेरिकेतील दुकानदार फ्रँक वूलवर्थ याने मनात शंका बाळगूनच सुमारे २५ डॉलरचा असा माल घेतला आणि तो दोन दिवसांत संपला. त्यानंतर लाउशाचे गोळे अमेरिकेत घरोघर पोहोचले.

लाउशाखेरीज फ्रान्समधील लोरेन भागातही असे गोळे होत. तेथील ग्योत्सेनब्रुक येथे १८५८ च्या दुष्काळात झाडाला लावण्यास सफरचंदे मिळाली नाहीत, म्हणून काचेचे गोळे फुंकले गेले अशी परंपरागत कथा आहे. तेथील उत्पादन १९६४ पर्यंत चालू होते. १८७१ ते १९१८ या काळात हा प्रदेश जर्मनीच्या ताब्यात होता. म्हणून 'जर्मन की फ्रेंच?' या प्रश्नाचे उत्तर कधीकधी इतिहासाच्या नकाशावर शोधावे लागते.

भारतातील आगमन

युरोपीय काचेला भारतात मोठी मागणी होती. हंड्या, झुंबरे आणि आरसे यांनी वाडे, देवळे व राजमहाल सजत असत. जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यातील तखत विलास या दालनाच्या छताला आजही रंगीत काचेचे गोळे टांगलेले दिसतात. महाराजा तखतसिंह यांच्या कारकिर्दीतील, म्हणजे १८४३ ते १८७३ या काळातील, हे दालन आहे. पाहणाऱ्याला ते थेट नाताळच्या गोळ्यांची आठवण करून देतात.

यावरून एक महत्त्वाचा बोध घ्यावा. असे गोळे केवळ झाडासाठी नव्हते. छताला, खिडकीत आणि दिवाणखान्यातही ते टांगले जात. म्हणून जुना गोळा सापडलेले घर ख्रिस्ती असलेच पाहिजे असे नाही आणि ख्रिस्ती घरातील प्रत्येक गोळा झाडासाठीच आणला होता असेही नाही. शिवाय ही वस्तू भारतात अनेक वाटांनी आलेली असू शकते. मुंबईत १८९१ मध्ये 'आर्मी अँड नेव्ही' या विलायती भांडाराची शाखा उघडली. जहाजांवर नोकरी करणारे गोमंतकीय तारवटी, परदेशी नोकरीहून परतणारी कुटुंबे, मायदेशी जाताना सामान विकणारे इंग्रज अधिकारी या साऱ्यांच्या हातून अशा वस्तू घरांत आल्या असतील. त्यामुळे "आमच्या आजोबांनी बेल्जियमहून आणला" हे वाक्य ऐकावे, टिपून ठेवावे. परंतु पुरावा म्हणून त्यावर विसंबू नये. आपल्याकडे उत्तम काचेला सरसकट 'बेल्जियमची' म्हणण्याचा प्रघात आहे. ती गुणवत्तेची वाहवा असते, उगमाचा दाखला नव्हे.

गोळा स्वतः काय सांगतो?

गोळ्याची परीक्षा स्वच्छ उजेडात, टेबलावर जाड मऊ कापड पसरून आणि भिंग हाती घेऊन करावी. घाई करू नये. पुढील पाच बाबी क्रमाने पाहाव्यात.

पहिली बाब वजन. हातात घेताच जड वाटणारा, जाड काचेचा गोळा संग्राहकांत 'कुगेल' या नावाने ओळखला जातो. जर्मन भाषेत या शब्दाचा अर्थ गोळा असाच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पहिल्या महायुद्धापर्यंतच्या काळात हे कुगेल झाले. केवळ गोल नव्हे, तर अंडाकृती, नासपतीच्या आणि द्राक्षघोसाच्या आकाराचेही कुगेल आढळतात. उलट, पिसासारखा हलका गोळा हा वायूच्या ज्योतीवर फुंकलेल्या पातळ काचेचा, म्हणजे सामान्यतः १८६७ नंतरच्या पद्धतीचा असतो. ही पद्धत आजही चालू असल्याने केवळ हलकेपणावरून वय ठरत नाही.

दुसरी बाब मान. पातळ गोळ्याला वर काचेची छोटी नळीसारखी मान असते आणि तिच्यावर धातूची टोपी बसविलेली असते. जुन्या कुगेलची मान कापून पृष्ठभागाशी सपाट केलेली असते आणि त्या छिद्रावर पितळेची, पुष्कळदा फुलाची नक्षी असलेली टोपी बसते. आत फाकलेल्या तारेने ती धरून ठेवलेली असते. ही रचना बाहेरूनही ओळखू येते. टोपी ओढून काढण्याचा मोह मात्र टाळावा. मानेची कड अतिशय ठिसूळ असते.

तिसरी बाब आतील मुलामा. बोलीभाषेत त्याला 'पारा' म्हणतात, पण त्यात पारा असतोच असे नाही. आरंभीच्या गोळ्यांत शिसे व कथील यांच्यासारख्या धातूंचा लेप असे आणि त्याची चकाकी किंचित मंद, राखाडी दिसते. पुढे चांदीच्या क्षाराच्या द्रावणाने आतून रुपेरी थर देण्याची रीत रूढ झाली. तो थर उजळ आरशासारखा असतो. पण दमट हवेने काळवंडतो, त्याला ठिपके पडतात. अशा नैसर्गिक डागांत एकसारखेपणा नसतो. डाग फारच नेटके आणि सर्वत्र सारखे असतील, तर ते मुद्दाम आणलेले असण्याचा संशय घ्यावा.

चौथी बाब रंग. कुगेलमध्ये रुपेरी, सोनेरी, हिरवा व गडद निळा हे रंग त्या मानाने पुष्कळ आढळतात. लाल, नारिंगी आणि जांभळा हे दुर्मीळ. रंग काचेतच आहे की वरून दिलेला आहे, हेही पाहावे. हाताने रंगविलेल्या जुन्या गोळ्यावरील रेषा थोड्या कमीजास्त जाडीच्या असतात आणि ज्या भागाला वर्षानुवर्षे बोटे लागली, तेथे रंग झिजलेला असतो.

पाचवी बाब घडण. साच्यात फुंकलेल्या पक्षी, फळे, घंटा, संत निकोलस अशा आकृतींवर साच्याच्या दोन भागांची पुसट सांधरेषा दिसू शकते. काचतंतूंची शेपटी असलेला आणि चिमट्याने फांदीला लावण्याचा पक्षी हा लाउशाच्या कारागिरीचा सुपरिचित नमुना आहे.

टोपीवरील अक्षरे

टोपीवर किंवा खोक्यावर देशाचे नाव असेल, तर कालनिर्णयाला मोठे साहाय्य होते. ब्रिटनच्या १८८७ च्या आणि अमेरिकेच्या १८९० च्या कायद्यांमुळे परदेशी मालावर उगमदेशाचे नाव घालण्याची पद्धत दृढ झाली. केवळ 'जर्मनी' असा ठसा असेल, तर वस्तू बहुधा त्यानंतरची. 'चेकोस्लोव्हाकिया' हे नाव १९१८ पूर्वीच्या वस्तूवर असणे शक्यच नाही, कारण तो देशच त्या वर्षी अस्तित्वात आला. 'ऑक्युपाइड जपान' हा ठसा दुसऱ्या महायुद्धानंतरच्या, १९५२ मध्ये संपलेल्या परकीय ताब्याच्या काळाचा.

'वेस्ट जर्मनी' असे लिहिले असल्यास वस्तू १९४९ ते १९९० या काळातील आणि ती प्रत्यक्ष लाउशा गावची नसणार, हे निश्चित समजावे. फाळणीनंतर लाउशा पूर्व जर्मनीत गेले होते. तेथील काही कारागीर सीमेपलीकडे पश्चिम जर्मनीतील नॉयश्टाट परिसरात स्थायिक झाले व त्यांनी तोच व्यवसाय पुढे चालविला.

येथे दोन सावधगिरीच्या सूचना आवश्यक आहेत. ठसा नाही म्हणून वस्तू १८८७ पूर्वीची ठरत नाही, कारण पुष्कळदा नाव केवळ खोक्यावरच छापलेले असे. आणि टोपी ही सहज बदलता येणारी गोष्ट आहे. जुन्या गोळ्याला नवी किंवा नव्या गोळ्याला जुनी टोपी लावणे अवघड नाही. म्हणून टोपीची साक्ष काच, मुलामा आणि रंग यांच्या साक्षीशी जुळते का, हे पाहूनच निष्कर्ष काढावा. मूळ खोके असेल, तर ते फाटके असले तरी टाकू नये.

इतर देशांची सजावट

पेटीत गोळ्यांच्या सोबतीने इतर वस्तूही निघतात. सोनेरी किंवा रुपेरी कागदी पुठ्ठ्याची, उठावाची नक्षी असलेली छोटी जहाजे व प्राणी हे 'ड्रेस्डेन' नावाने ओळखले जातात. ते साधारण १८८० ते १९१० या काळात ड्रेस्डेन व लाइपझिग भागात झाले. तारेत पोकळ काचमणी ओवून केलेले तारे बोहेमियातील, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातील, याब्लोनेत्स भागाचे वैशिष्ट्य होय. फुंकलेल्या मण्यांपासून नाताळची सजावट हाताने तयार करण्याच्या चेक परंपरेला युनेस्कोने २०२० मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या सूचीत स्थान दिले.

अमेरिकन गोळ्यांची कथा वेगळी आहे. युद्धाच्या छायेत जर्मन माल मिळेनासा होणार हे ओळखून तेथील कॉर्निंग कंपनीने विजेच्या दिव्यांचे फुगे करणाऱ्या यंत्रावर गोळे करण्यास प्रारंभ केला आणि १९३९ च्या डिसेंबरपर्यंत सुमारे २,३५,००० गोळे बाजारात पाठविले. 'शायनी ब्राइट' या नावाने ते प्रसिद्ध झाले. युद्धकाळात धातूची टंचाई झाल्याने काही गोळ्यांना आतून मुलामा नाही, केवळ रंगाचे पट्टे आहेत आणि धातूऐवजी पुठ्ठ्याची टोपी आहे. दिसायला साधा असणारा असा गोळा आपला काळ किती स्पष्टपणे सांगतो!

नवा गोळा जुना भासतो तेव्हा

जुन्या कुगेलच्या धर्तीचे, जाड काचेचे व पितळी टोपीचे नवे गोळे आज भारतातही तयार होतात आणि निर्यात होतात. काचेसाठी फिरोझाबाद आणि पितळकामासाठी मुरादाबाद ही आपली नगरे प्रसिद्धच आहेत. सजावटीची वस्तू म्हणून हा माल उत्तम आहे आणि त्यात गैर काहीच नाही. गैर ठरते ती त्याची 'पुरातन' म्हणून होणारी विक्री. संग्राहकांच्या बाजारात असे नवे गोळे जुन्या जर्मन गोळ्यांच्या नावाखाली फिरतात, हे लक्षात ठेवावे. टोपीच्या आतील बाजूस दिसणारी नवी कोरी धार, झिजेचा पूर्ण अभाव, एकाच ठिकाणी दुर्मीळ रंगांची रास या गोष्टी दिसल्या की थांबावे. आजीच्या पेटीतही वीस वर्षांपूर्वी कोणी भेट दिलेला नवा गोळा असू शकतो. पेटी जुनी म्हणून आतील सारे जुने ठरत नाही.

मोल म्हणजे नेमके कोणते मोल?

ओळख पटल्यानंतरच मोलाचा प्रश्न येतो. वय हा त्यातील केवळ एक घटक आहे. लाउशातून लक्षावधी गोळे बाहेर पडले. त्यामुळे शंभर वर्षांचा साधा रुपेरी गोळा माफक किमतीचा असू शकतो आणि दुर्मीळ रंगाचा, मोठ्या आकाराचा, अखंड कुगेल त्याच्या कितीतरी पट किमतीचा ठरू शकतो. दुर्मीळता, रंग, आकार, मूळ टोपी, मूळ रंगकाम, तडा नसणे आणि वस्तूचा ज्ञात इतिहास या साऱ्यांचा एकत्रित विचार होतो.

शिवाय एकाच वस्तूच्या तीन किमती असतात. विकल्यावर प्रत्यक्ष हाती येणारी रक्कम ही पहिली. वस्तू हरपल्यास तशीच दुसरी घेण्यासाठी लागणारी रक्कम ही विम्यासाठीची दुसरी. ती सहसा पहिलीपेक्षा अधिक असते. भावंडांनी वाटणीसाठी परस्परसंमतीने धरलेली किंमत ही तिसरी. घराघरांतील गैरसमज पुष्कळदा या तिन्हींची गल्लत झाल्याने निर्माण होतात. एक भाऊ विम्याची किंमत मनात धरतो, दुसरा भंगारवाल्याची. आणि दोघांनाही दुसरा लबाड वाटू लागतो.

किंमत जाणण्यासाठी विक्रेत्याने मागितलेला भाव पाहू नये, पार पडलेल्या लिलावांत प्रत्यक्ष मिळालेले भाव पाहावेत. त्यातूनही लिलावसंस्थेचे शुल्क वजा होते, हे ध्यानी घ्यावे. मूल्यांकन करणारी व्यक्ती आणि खरेदी करू इच्छिणारी व्यक्ती एकच नसावी. मूल्यांकनाचे शुल्क किमतीच्या टक्केवारीत न ठरविता एकरकमी ठरवावे. तुलनेसाठी लाउशा येथील १८९७ मध्ये स्थापन झालेल्या काचकला संग्रहालयातील नमुने उपयोगी पडतात. वस्तूवर दोन स्वतंत्र मते घेणे केव्हाही इष्ट.

शंभर वर्षांची रेषा

यानंतरचा मुद्दा वारसांनी विशेष लक्षपूर्वक वाचावा. या गोळ्यांचे प्रमुख संग्राहक अमेरिका व युरोपात आहेत. साहजिकच एखादा परदेशी खरेदीदार चांगला भाव देऊ करतो आणि वस्तू टपालाने किंवा कुरियरने पाठविण्याची विनंती करतो. परंतु पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ हा कायदा येथे लागू होऊ शकतो. किमान शंभर वर्षे अस्तित्वात असलेली कला किंवा कारागिरीची वस्तू या कायद्याच्या व्याख्येत 'पुरावस्तू' ठरू शकते आणि खाजगी व्यक्तीस पुरावस्तूची निर्यात करण्यास मनाई आहे. देशांतर्गत पुरावस्तूंचा व्यापार करणाऱ्यास परवाना लागतो.

म्हणजे ज्या पुराव्याने गोळ्याचे मोल वाढते, त्याच पुराव्याने परदेशी बाजाराचा दरवाजा बंद होऊ शकतो. वस्तू १९०० ची आहे असे सिद्ध करून विदेशी खरेदीदाराला ती पाठविणे म्हणजे आपणच आपल्याविरुद्ध कागद तयार करणे. अशा वस्तूचे वय वा स्वरूप याविषयी शंका असल्यास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे वस्तू दाखवावी. ती पुरावस्तू नसल्याचे प्रमाणपत्र मिळाल्यावरच परदेशी पाठविण्याचा विचार करावा.

कराचाही विचार हवा. वारसाहक्काने वस्तू मिळताना प्राप्तिकर लागत नाही. विकताना मात्र ती 'कलाकृती' समजली गेली, तर घरगुती वापराच्या साध्या वस्तूंना मिळणारी सूट तिला मिळत नाही आणि भांडवली नफ्याचा प्रश्न उद्भवतो. पूर्वीच्या मालकाची खरेदी किंमत, किंवा वस्तू १ एप्रिल २००१ पूर्वी घेतलेली असल्यास त्या दिवसाचे वाजवी बाजारमूल्य, हिशेबात धरता येते. मोठ्या रकमेच्या विक्रीपूर्वी करसल्लागाराचे मत घ्यावे. आणि अनोळखी खरेदीदाराने 'पैसे जमा करण्यासाठी' पिन किंवा ओटीपी मागितल्यास व्यवहार तेथेच थांबवावा. पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीही द्यावा लागत नाही.

जतन, लॉकर आणि विमा

हौसेने केलेली स्वच्छता ही अशा वस्तूची मोठी वैरी. पाणी, साबण, काच पुसण्याचे द्रव किंवा पितळ उजळण्याची पावडर यांपैकी काहीही वापरू नये. वरचा रंग पाण्याने सहज सुटतो, ओल आत शिरली की मुलामा सुटतो आणि टोपी घासून चकचकीत केली की वयाचा पुरावाच पुसला जातो. मऊ कोरड्या कुंचल्याने धूळ झटकावी, एवढे पुरे. मुलामा सुटत असलेला किंवा फुटलेला गोळा मुलांच्या हाती देऊ नये, कारण त्यात शिसे असण्याची शक्यता असते. प्रत्येक गोळा आम्लरहित पातळ कागदात गुंडाळून स्वतंत्र कप्प्यात ठेवावा. कोकणपट्टीच्या दमट हवेत पेटी जमिनीपासून उंच, कोरड्या जागी असावी. माळा मात्र टाळावा, कारण तेथे उन्हाळ्यात अतिशय ताप होतो.

लॉकरमध्ये ठेवण्याचा विचार असल्यास त्याची मर्यादा जाणून घ्यावी. बँकेला लॉकरमधील वस्तूंची माहिती नसते आणि बँक त्यांचा विमा उतरवीत नाही. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२१ च्या आणि १ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या सुधारित निर्देशांनुसार आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची फसवणूक या कारणांनी हानी झाल्यास बँकेचे दायित्व वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत असते. बँकेची हयगय नसताना नैसर्गिक आपत्तीने झालेल्या हानीस ते लागू नाही. वस्तू खरोखर मौल्यवान ठरली, तर गृहविम्यात तिचा स्वतंत्र उल्लेख करून 'मान्य मूल्य' तत्त्वावर संरक्षण मिळते का, याची विमा कंपनीकडे विचारणा करावी व अटी नीट वाचाव्यात.

एका पानाची नोंद

या साऱ्यापेक्षा सोपे आणि तरीही सहसा न होणारे एक काम शिल्लक राहते, ते म्हणजे लेखी नोंद. घरातील वडीलधारी मंडळी हयात असतानाच त्यांच्याजवळ बसून प्रत्येक वस्तूविषयी विचारावे. ही कोणी आणली, कोणत्या सुमारास, कोठून; ती कोणत्या घरात, कोठे टांगली जाई? उत्तरे त्यांच्याच शब्दांत, तारखेसह लिहून ठेवावीत. गोळ्याची वरून, खालून व टोपीजवळून छायाचित्रे घ्यावीत, व्यास व वजन नोंदवावे. जुन्या नाताळच्या छायाचित्रात तोच गोळा झाडावर दिसत असेल, तर त्या छायाचित्राची प्रत सोबत जोडावी. त्या छायाचित्राची तारीख एखाद्या तज्ज्ञाच्या अंदाजापेक्षा अधिक ठाम पुरावा ठरते. वस्तू कोणाकडे जावी, हे ठरले असल्यास मृत्युपत्रात तिचा स्पष्ट उल्लेख करावा.

हीच पद्धत गौरीच्या पितळी मुखवट्यांना, समईला किंवा देव्हाऱ्याच्या जुन्या कमानीलाही लागू पडते. प्रत्येक वस्तूची लाखात किंमत निघेल असे मुळीच नाही. बहुतेकींची निघणार नाही. परंतु लाउशातील एखाद्या कारागिराने फुंकलेला आणि त्याच्या घरातील स्त्रीने रंगविलेला गोळा समुद्र ओलांडून आपल्या घरी आला आणि तीन-चार पिढ्यांच्या हातांतून न फुटता पुढे आला, हे कळल्यावर त्याला अडगळ म्हणणे कोणालाही जड जाईल. मालमत्तेच्या यादीत त्याच्यासाठी एक ओळ राखून ठेवावी. रकमेचा रकाना कोरा राहिला तरी चालेल, मात्र त्याच्या मुळाविषयीची माहिती त्या ओळीत अवश्य लिहावी.